कोरडे तळवे

माझ्या घरी माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, काचेचं एक चपटं मशीन फडक्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. ते मला फेकून देता येत नाही आणि कुणाला देताही येत नाही. गेल्या महिन्यात एकीनं ते माझ्याकडे मागितलं, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर मी काही हे आपणहून सांगणारी बाई नव्हे. पाच वर्षं सांगितलं नव्हतंच.

कर्जत आणि खोपोलीच्या मधल्या एका गावात मी शाळेत पी.टी. शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर मुलींना कबड्डी. तरुणपणी मी स्वतः जिल्ह्याकडून खेळलेय. पुढे गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला. मी मैदानातून ओरडले की रस्त्यावरचा टेंपोवाला ब्रेक मारतो, असं मुली म्हणायच्या आणि मला ते ऐकायला आवडायचं. मी रागीट होते, अजूनही आहे. मुली मला घाबरतात म्हणून चांगल्या खेळतात, असा माझा पक्का समज होता.

आमच्या संघात उजव्या कोपऱ्यावर एक मुलगी खेळायची. तिचं नाव लिहीत नाही, तसंही सगळे तिला कोपराच म्हणायचे. भिवपुरीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. घरी भातशेती, वडील खोपोलीला कारखान्यात. अंगानं रुंद, मांड्या भरलेल्या, बोलणं जेमतेम. चढाईला आलेल्या मुलीनं बोनससाठी पाय पुढे टाकला की दुसऱ्या क्षणी तिचा घोटा कोपऱ्याच्या दोन्ही हातांत असायचा, आणि मग ती मुलगी सुटलेली मी फारशी पाहिली नाही. लावणीच्या दिवसांत ती आठवडाभर यायची नाही. आली की पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असायच्या. तिच्याकडे बूट होते, पण ते पिशवीतून यायचे आणि पिशवीतूनच परत जायचे. ‘चावतात, बाई,’ एवढंच तिचं म्हणणं.

ते वर्ष तिचं कुमारी गटातलं शेवटचं. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर राज्य स्पर्धा, नाही आलं तर वय संपलं. हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं, आणि मला तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं, कारण निवड चाचणीला आमच्याकडून कोणत्या सातजणी उतरवायच्या हे मीच ठरवायचे.

त्याच पावसाळ्यात पनवेलला दोन दिवसांचं एक शिबिर झालं, खेळाडूंच्या तंदुरुस्तीवर. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा. त्यानं विचारलं, तुम्ही मुलींच्या अंगातली चरबी कशी ओळखता? मी सरळ सांगितलं, दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरते, बोटांना कळतं. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. तो मुलगा हसला नाही, पण त्यानं पिशवीतून एक चिमटा काढला, काटा आणि आकडे असलेला, आणि म्हणाला, मॅडम, तुमचंच तंत्र आहे, फक्त हा मोजतो. तरी दोन माणसांच्या हातात दोन आकडे येतात, त्याला सराव लागतो. मग त्यानं ते काचेचं मशीन दाखवलं. अनवाणी उभं राहायचं, चरबी किती टक्के तो आकडा समोर. दशांश चिन्हासकट.

तो आणखीही बरंच बोलला. जेवणानंतरची वेळ, मला डुलकी लागत होती, पण वही उघडी होती आणि हात लिहीत होता. यातली एकही पद्धत पूर्ण खरी नाही, मोठ्या इस्पितळातली सुद्धा नाही, सगळे अंदाज आहेत. खेळाडूंच्या बाबतीत तर हे मशीन जास्तच चुकतं. व्यायामानंतर मोजू नका. पोरींना तहानलेलं ठेवून मोजू नका. आणि एकट्या आकड्यावर कुणाला घेऊ नका, काढू नका. हे सगळं माझ्याच अक्षरात माझ्या वहीत आहे, शेवटच्या वाक्याखाली रेघ मारलेली आहे. ती वही मी नंतर तीन महिने उघडली नाही. डोक्यात राहिलं ते फक्त मागच्या बाकावरचं हसणं. आपण अडाण्यासारखं बोललो, ही टोचणी घेऊन मी घरी आले आणि तसंच मशीन मागवून घेतलं.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा बाहेर पाऊस होता, म्हणून सराव शाळेच्या हॉलमध्ये. मी मुलींना ओळीत उभं केलं आणि फळ्यावर एकेकीचा आकडा खडूनं लिहीत गेले. का लिहिला फळ्यावर? वहीत लिहिता आला असता. पण मला सगळ्यांनी बघायला हवं होतं, मुलींनी आणि व्हरांड्यात डोकावणाऱ्या शिक्षकांनीही. खोपोलीच्या एका कॉलनीतून येणारी मुलगी, तीही उजव्या कोपऱ्यावरच राखीव खेळायची, तिचा आकडा आला बावीस. ही मुलगी बूट-मोज्यांशिवाय घराबाहेर पडायची नाही. तिच्यानंतर आमचा कोपरा उभा राहिला. एकतीस.

मी आकडा लिहिला आणि म्हणाले, ‘घरचा सगळा भात एकटीच खातेस का गं?’

सगळ्या हसल्या. तीही हसली, तोंडावर हात धरून. मग मी नियम सांगितला, माझा मीच केलेला: चाचणीपर्यंत पंचविसाच्या खाली आली नाही ती सातांत नाही. नियम सगळ्यांना होता, पण पंचविसाच्या वर एकटी तीच होती.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी मी मोजायचे, सराव संपल्यावर, सगळ्या घामाघूम असताना. कोपऱ्यानं रात्रीचं जेवण सोडलं. पावसात घालायचं प्लॅस्टिकचं जाकीट घालून ती मैदानाला चकरा मारायला लागली. कुणीतरी तिला सांगितलं की पाणी प्यायलं नाही की आकडा खाली येतो, म्हणून शनिवारी ती सकाळपासून पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. हे मला पुढे कळलं असं म्हणायला मला आवडलं असतं. मला तेव्हाच माहीत होतं. तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते आणि मी मनात म्हणत होते, जिद्द आहे पोरीत.

वजन उतरत होतं. आकडा मात्र चढत होता. एकतीसचे बत्तीस झाले. नवरात्र झालं, पाऊस गेला, ऑक्टोबरची उन्हं तापली आणि आकडा चौतिसावर गेला. ती मशीनवरून उतरायची, पुन्हा चढायची, मग माझ्याकडे बघायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर जवळ बोलावलं. म्हटलं, ये, दाखवतेच तुला चरबी कुठाय ती. आणि पूर्वीसारखी तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरली.

चिमटीत काही आलंच नाही. नुसती कातडी, कागदासारखी, आणि खाली टणक स्नायू. माझ्या बोटांना लगेच कळलं. तीस वर्षांची बोटं ती, त्यांना कळणारच. मी हात सोडला. कबूल करायची वेळ ती होती आणि तोवर काही बिघडलंही नव्हतं. पण पंधरा मुली बघत होत्या आणि फळ्यावर चौतीस लिहिलेलं होतं. मी म्हणाले, ‘आकडा खोटं बोलत नाही. तू बोलतेस.’

ती ओळीत परत जाऊन उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली, बांधावरच्या काकड्या पिशवीत घेऊन. ऑफिसच्या दाराशी चपला काढून आत आली आणि पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली. म्हणाली, ‘बाई, पोर रातची जेवत नाय. पानी बी पीत नाय. तुमचं ऐकते ती, तुमी सांगा तिला.’ मी त्या बाईला बसवलंही नाही. मी सांगितलं की पोर घरी जेवत नाही कारण ती बाहेर चापून खाते, स्टेशनच्या बाहेर वडापावच्या गाड्या काय कमी आहेत का. माझ्याकडे मशीन आहे, त्यात सगळं कळतं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिनं एकदाच विचारलं, मशीनमध्ये दिसतं का तसं. मी हो म्हटलं. ती गेली. काकड्या मी घरी नेल्या, कोशिंबीर केली. चांगल्या कोवळ्या होत्या.

चाचणी खोपोलीला झाली. उजव्या कोपऱ्यावर मी कॉलनीतल्या मुलीला उतरवलं. तिचा यात काही दोष नाही, ती बिचारी जीव तोडून खेळली, पण तिच्या हातातून घोटे निसटत होते. कोपरा राखीव म्हणून बाहेर बसली होती. मध्यंतरात तीच उठून सगळ्यांना बाटल्या देत होती. निवड समितीत माझ्या वेळचे एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांनी गेल्या वर्षी तिचा खेळ पाहिला होता. त्यांनी मला हाक मारून विचारलं, तुमचा तो उजवा कोपरा कुठाय? मी म्हटलं, फिटनेस नाही हो. ते बरं म्हणाले आणि कागदाकडे वळले. तिला ते ऐकू गेलं का, मला माहीत नाही. ती चार पावलांवर होती.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट, मशीन घरी आणलेलं. मी रोज सकाळी त्या मशीनवर उभी राहायचे, हौसच ती. एरवी चहा झाल्यावर, चपला काढून. त्या दिवशी नेमकी आंघोळ करून ओल्या पायांनी उभी राहिले आणि आकडा एकदम चारनं खाली. मी खूश झाले. पाय पुसून पुन्हा उभी राहिले, तर आकडा वर. दुपारी, टाचांच्या भेगा उन्हात वाळल्यावर, आणखी वर. मला वाटलं सेल गेले. माझे यजमान वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होते, भिवपुरीच्या क्वार्टर्समध्येच आमचा निम्मा संसार झाला. मी मशीन त्यांच्यासमोर आणून ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, सेल ठीक आहेत. मग समजावून सांगितलं. हे एका तळव्यातून बारीकसा करंट वर सोडतं आणि दुसऱ्यातून परत घेतं. अंगात पाणी असेल तिथून करंट सहज जातो, चरबीत अडतो. जितका अडला तितकी चरबी, असा त्याचा हिशोब. चरबी ते बघतच नाही, अडणं बघतं.

‘अगं, उन्हाळ्यात आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओतायचो ना पाण्याच्या,’ ते म्हणाले, ‘मीठ टाकायचो. जमीन कोरडी पडली की करंट जाणार कसा?’

त्या बादल्या मला आठवत होत्या. लग्न होऊन आले तेव्हा हे लोक जमिनीला पाणी का पाजतात म्हणून मी त्यांची टिंगल केली होती. आता मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे कोपऱ्याचे तळवे आले. बांधावरून, डांबरावरून, मैदानावरून अनवाणी चालून झालेले जाड, पिवळट, भेगांनी भरलेले तळवे. त्यावर मी तिला पाण्याविना ठेवलं. ती जितकी उपाशी आणि तहानलेली राहिली तितका आकडा चढला, आणि जितका चढला तितकी ती आणखी तहानलेली राहिली. कॉलनीतल्या मुलीचे पाय मोज्यात मऊ राहिले म्हणून तिचा बावीस. मी चरबी मोजतच नव्हते. कोण चपला घालून वाढलंय आणि कोण अनवाणी, एवढं मी तीन महिने फळ्यावर लिहीत होते.

तेव्हा मी वही उघडली. रेघ मारलेलं वाक्य वाचलं आणि मला माझीच किळस आली.

चार दिवसांनी मी तिच्या गावी गेले. खळ्यात झोडणी चालू होती आणि ती भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होती. काय बोलायचं ते मी वाटेत घोकलं होतं: माझं चुकलं, तुझं काही चुकलं नाही. तिनं मला पाहिलं, पदरासारखा गुंडाळलेला पंचा डोक्यावरून काढला आणि हसली. खांद्याची हाडं वर आली होती. माझी जीभ वळली ती भलतीकडेच. मी म्हणाले, ‘अगं, ते मशीन बिघडलं होतं.’

तिच्या हातात पेंढी तशीच राहिली. तिनं विचारलं, ‘मंग मी खोटं बोलत नवते ना, बाई?’

नाही, मी म्हटलं, नव्हतीस.

तिनं इतक्या मोकळ्या चेहऱ्यानं मान हलवली की मला तिथं थांबवेना. ती तीन महिने स्वतःवरच संशय घेत होती. आपण झोपेत उठून खातो की काय, असं तिला वाटायला लागलं होतं, हे तिनंच हसत सांगितलं. आई शेतात आहे, येईलच, चहा घेऊन जा म्हणाली. आई येणार म्हटल्यावर मी गाडीची वेळ सांगितली आणि निघाले. गाडीला दीड तास होता. तो मी स्टेशनवर बसून काढला.

मशीन बिघडलं होतं. ह्या तीन शब्दांवर मी पाच वर्षं निवांत जेवले. शाळेतून निवृत्त झाले, निरोपाच्या भाषणात मुलींना शिस्त लावली म्हणून कौतुक झालं आणि मी ते मान झुकवून घेतलं.

गेल्या महिन्यात कोपऱ्याचा फोन आला. आता ती खालापूरजवळ एका कंपनीत पॅकिंगला जाते आणि कामावरून आल्यावर गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते, हे मला ऐकून माहीत होतं आणि मी त्याचा थोडा अभिमानही मिरवत होते, माझ्या हाताखालची म्हणून. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, ‘बाई, ते मशीन दुरुस्त झालं का? आमच्या पोरींना पायजे व्हतं. एक जन लय जाड हाय, आकडा दिसला का ऐकंल ती.’

फोनवर मी फक्त येते म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन न घेता गेले.

तिच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत चुन्यानं मैदान आखलेलं. आठ-दहा मुली, सगळ्या अनवाणी. जाड मुलगी कोणती ते लगेच कळलं. ती सगळ्यांच्या मागे, ओढणी पोटावर ओढून उभी होती. मी कोपऱ्याला बाजूला घेतलं आणि या वेळी घोकलेलं सगळं बोलले. तळवे, पाणी, करंट, वहीतली रेघ. तुझ्या दंडाला हात लावला तेव्हाच मला कळलं होतं हेही सांगितलं. आणि मशीन कधीच बिघडलेलं नव्हतं, ते जे मोजतं तेच मोजत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘म्हंजे खळ्यात आलात तवा तुमाला ठाव व्हतं.’

हो म्हटलं.

ती मुलींकडे वळली, चढाई चालू ठेवा म्हणाली. तिचा आवाज मोठा नाही, तरी मुली ऐकतात. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आईला अजून वाटतं मी तवा भायेर खायची. तुमी सांगितलंवतं म्हणून. तेवढं तिला सांगाल?’

बाकी काही मागितलं नाही तिनं. राज्य स्पर्धा गेली, वय गेलं, त्याचं नावही काढलं नाही.

आई पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठायला लागली, मी नको म्हटलं. तिनं घोंगडी पुढे सरकवली, पण मला बसवेना. उभ्या उभ्याच मी सांगितलं. करंटचं काही तिला सांगितलं नाही, त्याची गरज नव्हती. एवढंच सांगितलं की तुमची पोर खरं बोलत होती, तिनं बाहेर काही खाल्लं नव्हतं, मी तुम्हाला खोटं सांगितलं.

तिचे हात सुपात थांबले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘म्या मारलं व्हतं तिला, बाई. तुमच्याकडून आले त्याच दिवशी. ती म्हणत व्हती, आई, मी काय बी खाल्लं नाय. तरी मी मारत व्हते.’

हे मला माहीत नव्हतं. कोपऱ्यानं कधीच सांगितलं नव्हतं, आताही नाही. ती मैदानात पाठमोरी उभी होती. आईनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्या शेजारून लेकीकडे चालत गेली. मी पडवीतच उभी राहिले.